काकांच्या कपाटाची परीक्षा

आमच्या घरमालकांच्या घरात 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. खोली बघायला गेले त्याच दिवशी मला हे कळलं. नळाला पाणी कधी येतं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "बहुतेक सहाला." तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला, "बहुतेक म्हणजे काय? गाडी बहुतेक आली, असं कधी ऐकलंयस का? सहाला येतं म्हण, नाहीतर माहीत नाही म्हण." बाईंनी माझ्याकडे बघून 'कळलं ना आता' अशी मान हलवली आणि चहा पुढे केला. बोलणारे गृहस्थ, म्हणजे बाईंचे यजमान, आमचे काका, काही आत आले नाहीत. ते कपाटात होते.

कपाटात म्हणजे अगदी खरोखर. अंगणात चिकूच्या दोन-चार झाडांपलीकडे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये माणसाएवढं उंच लोखंडी कपाट उभं होतं. भिलाडच्या एका भंगारवाल्याकडून ते नुकतंच आलेलं होतं आणि काका त्यात कमरेपर्यंत शिरून गंज खरवडत होते. हे दोन हजार चौदा साल. काका त्याच वर्षी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले होते. मी सांगलीकडची. गंजाडच्या एका पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. बाई त्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या आणि त्यांनीच मला डहाणूतल्या आपल्या घराच्या माडीवर जागा देऊ केली होती. अशा रीतीने सहशिक्षिका आणि घरमालकीण मला एकाच माणसात मिळाल्या. काका त्यावर वरकड.

रिटायर झालेला माणूस घरात बसला की घरच्यांच्या डोक्याला ताप होतो, असं म्हणतात. काकांच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण ते घरात आल्यावर रिटायर झालेच नाहीत. रेल्वेत सिग्नलच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा तर आधी स्टेशन मास्तरची परवानगी घ्यावी लागते. ती वस्तू तेवढ्या वेळापुरती मास्तर तुमच्या ताब्यात देतो आणि काम झालं की तुम्ही ती परत त्याच्या ताब्यात द्यायची. काकांनी हा नियम घराला लावला. हॉलच्या पंख्याला तेल घालायचं असलं तरी ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायचे.

"मास्तर, हॉलचा पंखा घेऊ का?"

"घ्या," बाई आतून म्हणायच्या.

थोड्या वेळाने, "मास्तर, पंखा परत दिला."

"घेतला."

एवढं झाल्याशिवाय पंख्याचं बटण कुणी दाबायचं नाही. एकदा त्यांनी मिक्सर मागितला आणि बाईंनी सरळ सांगितलं, "नाही देत. चटणी व्हायचीय." काका स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन स्टुलावर बसून राहिले. चटणी झाली, मिक्सर धुऊन झाला, मग त्यांना तो मिळाला. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. उलट नियमाप्रमाणे वाट बघायला लागली याचं समाधानच दिसत होतं. माझ्या माडीवरची ट्यूबलाइट बिघडली की ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून परवानगी मागत. मी पहिल्यांदा "अहो काका, या की वर" म्हणाले तेव्हा ते तिथेच उभे राहिले. "या नको म्हणू. घ्या म्हण."

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. 'थांबलेली गाडी कुणाला मारत नाही' हे त्यातलं पहिलं. दुसरं वायरीच्या जोडाबद्दल. मध्येच जोड दिलेली वायर त्यांना सहन होत नसे. "जोडलेली वायर म्हणजे समेट केलेली भाऊबंदकी. वरून टेप गुंडाळलेली असते, पण आत कधी उठेल सांगता येत नाही." हा नियम अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत गेला होता. दोरी तुटली तर गाठ मारायची नाही, नवी आणायची. नवी येईपर्यंत ओल्या साड्या खुर्च्यांवर.

आता त्या कपाटाविषयी सांगायला हवं. काकांना एक मशीन बनवायचं होतं. कॉम्प्युटरला एखादं चित्र दिलं की त्याबरहुकूम लाकडावर कोरीव काम करणारं मशीन. हल्ली दारं, जाळ्या, दुकानांच्या पाट्या सगळं त्याच्यावरच होतं. काकांनी त्याचा सांगाडा एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला, मोटारी मुंबईहून आणल्या. हे सगळं पहिल्या वर्षातच झालं. राहिलं ते कपाट. मशीनला वीज पुरवायची, मोटारींना हुकूम द्यायचा आणि काही बिनसलं तर सगळं जागच्या जागी थांबवायचं, हे काम कपाटाचं. त्यामुळे सगळ्या वायरी कपाटात येणार, आणि वायरी म्हटलं की काकांचा जीव तिथे अडकणार.

या मशीनवर काय करायचं हे काकांनी ठरवलेलंच नव्हतं. ते ठरवलं होतं बाईंनी.

आमच्या पाड्यावरची मुलं पहिलीत येतात तेव्हा घरची बोली वेगळी असते, पुस्तकातली भाषा वेगळी आणि हातात पेन्सिल धरायची सवय कुणालाच नसते. बाईंची पद्धत अशी की अक्षर आधी बोटाला कळलं पाहिजे. त्या पुठ्ठ्यावर वाळू चिकटवून अक्षरं करायच्या, त्यावरून मुलांची बोटं फिरवायच्या. पावसाळा आला की पुठ्ठे फुगायचे, वाळू गळायची आणि दिवाळीनंतर बाई पुन्हा पुठ्ठे कापायला बसायच्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांना हव्या होत्या लाकडी पाट्या, बोटभर रुंद खाचेत कोरलेल्या अक्षरांच्या, की ज्या त्यांच्या मागेही वर्गात राहतील. शिवणीच्या लाकडाच्या फळ्यासुद्धा त्यांनी कापून घासून आणून ठेवल्या होत्या. दोन हजार अठराच्या मेमध्ये त्या रिटायर होणार होत्या. त्याआधी पाट्या मुलांच्या हातात द्यायच्या, आपण असताना मुलं त्यावरून बोट फिरवताना बघायची, एवढी एकच गोष्ट त्यांनी काकांकडे मागितली होती. काका म्हणाले होते, "करू की. आधी वायरिंग होऊ दे."

वायरिंग झालं ते बघायला मला मुद्दाम शेडमध्ये नेलं गेलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण कपाटाचं दार उघडल्यावर मी खरंच वाकून बघायला लागले. एकही वायर तिरकी नव्हती. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरांचे बारीक पिवळे मणी ओवलेले, वायरींच्या जुड्या मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, दोऱ्याच्या गाठीसुद्धा एका रांगेत. आमच्याकडे नव्या नवरीची वेणी घालतात तेव्हा इतकं कौतुक करत नाहीत. मी म्हटलं, "मग आता चालू करायचं?" काकांनी दार लावून घेतलं. "बघू."

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी सगळ्या वायरी उपसल्या. कारण काय, तर रंग मनासारखे नव्हते. पुन्हा सगळं केलं. मग एका पावसाळ्यानंतर कपाटात पाल मरून पडलेली सापडली आणि खाऱ्या हवेने स्क्रू काळे पडले होते, म्हणून पुन्हा उपसलं. मशीन शेडच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली उभं होतं. इतक्या वर्षांत त्याला एकदाही वीज दिली गेली नव्हती. ते जागचं हललंही नव्हतं. बाई दर शाळा सुरू होताना एकदा विचारायच्या, "यंदा होईल ना?" काका म्हणायचे, "वायरिंग पूर्ण आहे." आणि खरंच ते पूर्ण असायचं. मग त्या पुठ्ठे कापायला घ्यायच्या. मला काकांचा राग यायचा. इतका नीटनेटका माणूस इतका बिनकामाचा कसा असू शकतो, असं वाटायचं. बाईंना मी तसं बोललेही एकदा. त्या म्हणाल्या, "बिनकामाचे नाहीत गं. अडकलेत कुठेतरी. कुठे ते सांगत नाहीत."

शेवटचं वर्ष उजाडलं तेव्हा बाईंनी दुसरा मार्ग धरला. तलासरीच्या पुढे हायवेला देवळांची दारं कोरणारा एक छोटा कारखाना होता. दिवाळीच्या सुट्टीत फळ्या बांधून आम्ही तिथे जायचं ठरवलं. बाईंनी काकांना सांगितलं, लपवलं नाही. काका म्हणाले, "मी पण येतो." इथेच आमचं चुकलं.

कारखान्याचा मालक गुजराती, बोलायला गोड. बाई गुजरातच्या हद्दीवरच्या झाई गावच्या, त्यामुळे त्यांचं गुजराती माझ्या मराठीपेक्षा बरं. अक्षरं बाईंनी स्वतःच्या वळणदार हाताने काढली होती, ती कॉम्प्युटरवर चढली, पहिली फळी मशीनला लागली. तासा-दोन तासांत सगळं आटपलं असतं. तेवढ्यात काकांनी विचारलं, "जरा पॅनेल बघू?" मालकाने हौसेने कपाटाचं दार उघडलं. आत शेवयांचं टोपलं उपडं केल्यासारख्या वायरी लोंबत होत्या. पण काकांची नजर त्यावर नव्हती. ते मशीनवरच्या लाल बटणाकडे बघत होते. संकटाच्या वेळी दाबायचं ते बटण. त्याच्या वायरी काढून एकमेकींना पिळून टेप लावलेली होती.

"हे काम करत नाही," काका म्हणाले.

"अरे काका, ते बटण फार नखरा करायचं. कधी पण मशीन बंद. म्हणून डायरेक्ट केलं. दोन वर्ष झाली, रोज चालते ने? तुम्ही कशाला टेन्शन लेता?"

काकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मालकाला समजावून सांगितलं. या बटणाची वायर नेहमी जोडलेली असते आणि मशीन त्या जोडाच्या जिवावर चालतं. बटण दाबलं की जोड तुटतो आणि मशीन थांबतं. वायर उंदराने कुरतडली तरी थांबतं. म्हणजे बिघाड झाला तरी तो थांबण्याच्या बाजूनेच झाला पाहिजे. "सिग्नलचा दिवा गेला तर ड्रायव्हर काय समजतो? लाल समजतो. हिरवा नाही समजत." मालक हो हो म्हणत होता. मग काका म्हणाले, "माझी बायको इथे उभी असताना हे चालू करायचं नाही. मेन बंद करा. मी करून देतो."

आणि त्यांनी करून दिलं. बटण नीट केलं, ते केल्यावर शेजारच्या वायरी बघवेनात म्हणून त्या केल्या, मग खालच्या. मालकाला फुकटात घडत होतं, तो कशाला नाही म्हणतो? त्याने आम्हाला दोनदा चहा पाजला. आम्ही दोघी फळ्यांच्या गठ्ठ्यावर बसून राहिलो. कपाट बंद झालं तेव्हा दिवस कलला होता, कामगार हातपाय धूत होते आणि दुसऱ्या दिवसापासून मालकाच्या दिवाळीची सुट्टी होती. सुट्टीनंतर त्याच्याकडे देवळाचं मोठं काम लागलेलं. फळ्या होत्या तशाच परत आल्या. बसमध्ये बाई डहाणू येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या. काकांनी एकदाच विचारलं, "पण ते बटण तसं ठेवायचं होतं का?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मलाही मान्य करावं लागलं.

पुढे संक्रांतीच्या सुमारास वलसाडहून फोन आला. काकांचे एक जुने साहेब वारले होते. काका जाऊन आले, अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये जाऊन वायरींचे मेणाचे दोरे कापायला लागले. मी शाळेत जायला खाली उतरले तेव्हा बाई शेडच्या दारात उभ्या होत्या.

"काय करताय?"

"काढतोय. परत करावं लागेल."

"पूर्ण होतं ना?"

"होतं."

"मग राहिलं काय होतं? आज मला सांगा. चार वर्षं विचारतेय."

काकांनी कापलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "टेस्टिंग."

"मग करा टेस्टिंग."

"मी कसं करणार? वायरी मीच ओढल्यात."

तेव्हा कुठे आम्हाला समजलं. सिग्नल खात्यात ज्याने वायर ओढली त्याने ती तपासायची नाही, असा दंडक असतो. माणसाला स्वतःची चूक दिसत नाही, जे करायचं होतं तेच त्याला दिसतं. म्हणून दुसरा माणूस येतो, एकेक वायर तपासतो आणि त्याने 'फिट' म्हटल्याशिवाय त्यात वीज सोडत नाहीत. नोकरीत काकांचं काम हे वलसाडचे साहेब तपासायचे. रिटायर झाल्यावरही काकांनी त्यांनाच गळ घातली होती. साहेबांचे गुडघे गेलेले, ते दर वेळी 'पुढच्या महिन्यात येतो' म्हणायचे. काका चार वर्षं त्या पुढच्या महिन्याची वाट बघत होते, आणि वाट बघताना हात रिकामे राहू नयेत म्हणून उपसून पुन्हा करत होते. आता तो महिना येणारच नव्हता.

मला हसू आलं नाही. खरं तर ज्या माणसाचा मी इतका राग केला होता त्याची मला त्या क्षणी फार दया आली.

बाई मात्र शाळेत उशिरा आलेल्या मुलाची सबब ऐकावी तशा ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मी तपासते."

"तुला यातलं काय येतं?"

"काही येत नाही. म्हणूनच. येणारा माणूस मनाने भरून घेतो. तुमच्या वायरिंगच्या नकाशात काय लिहिलंय आणि कपाटात काय आहे, एवढंच बघायचं ना? जन्मभर पेपर तपासलेत मी. ती कात्री ठेवा खाली."

काकांनी कात्री ठेवली.

पुढच्या रविवारपासून तपासणी सुरू झाली. मला न विचारता मदतनीस नेमण्यात आलं. पद्धत साधी होती. एक बॅटरी, एक घंटा आणि दोन लांब वायरी. नकाशात एखादी वायर जिथून जिथे जाते म्हटलंय, तिथे एका टोकाला मी पिन लावायची, दुसऱ्या टोकाला बाईंनी. घंटा वाजली तर वायर बरोबर. काकांना शेडमध्ये यायला बंदी, हा त्यांचाच नियम. ते चिकूच्या झाडाखाली स्टूल टाकून बसायचे. परीक्षेच्या हॉलबाहेर मुलांचे आईबाप बसतात तसे. मी बाहेर आले की विचारायचे, "कुठवर आलं?" बाई आतून सांगायच्या, "तिला विचारू नका, ती सांगणार नाही." घंटा वाजली की त्यांना बाहेर ऐकू यायची. वाजायला जरा वेळ लागला की स्टूल करकरायचं.

बाईंची तपासणी म्हणजे तपासणी. चष्म्यावर भिंग धरून त्या मण्यावरचा नंबर वाचायच्या, मोठ्याने, मग मला वाचायला लावायच्या. मी एकदा कंटाळून "ही बहुतेक तीच" म्हणाले, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं पाणी लागलं होतं.

मार्चच्या एका रविवारी लाल बटणाची पाळी आली. नकाशात लिहिलं होतं: बटण न दाबता घंटा वाजावी, दाबल्यावर बंद व्हावी. आम्ही पिना लावल्या. घंटा वाजली नाही. बाईंनी पिना घासून पुन्हा लावल्या. नाही. मग त्यांनी बटण दाबलं, आणि घंटा वाजायला लागली.

तलासरीला त्या मालकाला जे ऐकवलं होतं त्याच्या बरोबर उलटं काकांनी स्वतःच्या कपाटात करून ठेवलं होतं. बटणाच्या मागे स्क्रूच्या दोन जोड्या असतात, एक दाबल्यावर तोडणारी, एक दाबल्यावर जोडणारी. वायरी भलत्या जोडीवर गेल्या होत्या. चूक म्हटली तर दोन स्क्रूंची. पण सिग्नलच्या माणसाने करू नये अशी एकच चूक असेल तर ती हीच.

बाहेर स्टूल करकरलं. चुकीच्या वेळी वाजलेली घंटा त्यांनी ओळखली असणार. मला वाटलं, बाई गुपचूप वायरी बदलतील. मी तसं खुणेने सुचवलंही. बाई उठल्या, दारात गेल्या आणि म्हणाल्या, "एक चूक आहे. लाल बटण उलटं आहे."

काका उठून आले, दारातूनच वाकून बघितलं. चेहरा पांढरा पडला. "मग सगळंच गेलं," ते म्हणाले. "ज्याला हे चुकतं त्याचं बाकीचं काय खरं? सगळं काढून परत केलं पाहिजे."

शाळा सुटायला महिना-सव्वा महिना उरला होता. सगळं काढून परत करायचं म्हणजे पाट्या विसरायच्या, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बाई म्हणाल्या, "पोराचं एक अक्षर चुकलं तर मी त्याला परत अंगणवाडीत नाही पाठवत. ते अक्षर सुधारून घेते. या आत. तेवढं सुधारा. बाकीचं मी तपासलंय आणि मी तपासलेलं पुन्हा कुणी तपासायचं नाही."

"पण साहेब असते तर..."

"साहेब नाहीत. मी आहे."

काका आत आले. दोन स्क्रू सैल करून वायरी योग्य जोडीवर नेल्या. वेळ लागला. मग स्वतःहून बाहेर जाऊन पुन्हा झाडाखाली बसले. आम्ही पिना लावल्या. घंटा वाजली. बाईंनी बटण दाबलं, थांबली. बाहेरून काही आवाज आला नाही. मी बघायला गेले तर काका डोळे पुसत होते. मला बघून म्हणाले, "ज्याला एकही चूक सापडत नाही ना, त्याने बघितलेलंच नसतं. हिने बघितलंय."

उरलेल्या वायरी पुढच्या रविवारी झाल्या. मी चहा करायला घरात गेले होते, परत येईपर्यंत बाईंनी शेवटच्या काही एकटीनेच आटपल्या होत्या. चहा होताच त्या एकदा घरात जाऊन आल्या, मग शेडच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "फिट." काकांनी तो शब्द दोन्ही हातांनी घेतल्यासारखा घेतला आणि चादर काढली.

मशीन चाललं. पहिल्या दिवशी नुसतं हवेत, मग टाकाऊ फळीवर, मग शिवणीवर. काका पूर्ण वेळ लाल बटणाजवळ उभे असायचे, त्यांनी कोरलेलं अक्षर मान वळवून कधी बघितलं असेल असं वाटत नाही. एप्रिलभर शेडमधून घरघर ऐकू येत होती आणि अंगणात वाळणाऱ्या कपड्यांवर लाकडाचा भुसा बसत होता.

सुट्टी लागायच्या शेवटच्या दिवशी पाड्यावर बाईंचा निरोप समारंभ झाला. मुलांना पाट्या आधीच वाटल्या होत्या, त्यामुळे समारंभाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एक मुलगी भिंतीला टेकून 'ळ'च्या वळणात बोट घालून ते गरागरा फिरवत होती आणि शेजारचीला सांगत होती, "ह्याच्यात बोट आपोआप जातंय." बाई स्टेजवरून तिच्याकडेच बघत होत्या. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले, मग त्यांनी काकांना दोन शब्द बोलायचा आग्रह केला. काका या शाळेत पहिल्यांदाच आले होते. ते उभे राहिले.

"मी रेल्वेत सिग्नलला होतो," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावर घरी एक पॅनेल केलं. त्यात एक चूक होती. मोठी होती. ती हिने काढली."

आणि बसले. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत थांबले. मग मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली, तेव्हा सगळ्यांनी वाजवली. बायकोच्या निरोपाला माणूस हे काय बोलला, असं पालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला मात्र माणसाने माणसाचं याहून मोठं कौतुक केलेलं आठवत नाही.

परतताना कासाहून येणारी जीप मिळाली. आमच्या सांगलीकडे तिला वडाप म्हणतात. काका पुढे ड्रायव्हरशेजारी शाल-नारळ मांडीवर घेऊन बसले, आम्ही दोघी मागे. आशागड मागे पडल्यावर बाई माझ्या कानाशी आल्या.

"दोन होत्या," त्या म्हणाल्या.

"काय दोन?"

"चुका. कपाटात हवेसाठी तो लहान पंखा बसवलाय ना, त्याच्या दोन वायरींची अदलाबदल आहे. तू चहाला गेलेलीस तेव्हा दिसली. फिट म्हणायच्या आधी घरात जाऊन माझं मीच टेबलफॅनची पिन उलटी घालून बघितली. पंखा फिरतो, काही फरक पडत नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या बाईने माझं एक 'बहुतेक' खपवून घेतलं नव्हतं ती हे सांगत होती.

"आणि तरी फिट म्हणालात?"

"एक सांगितली तर चेहरा कसा झाला होता बघितलास ना? दुसरी सांगितली असती तर ते उठले नसते गं."

पुढून काकांनी मान वळवली. "काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुढे बघा."